सॉकेट तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलणं: शहाणपणा की चिकटपणा?

जुनीपिन

महिनाभर ज्याला त्याला तेच तेच सांगून दमलो, म्हणून एकदाच इथे लिहून टाकतो. माझी मशीन २०१७ ची. रायझन ५ १६०० (एएमडीचा प्रोसेसर), बी३५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, आणि मधे कधीतरी ३०६० ग्राफिक्स कार्ड टाकलेलं. गेम चालायचे, सरासरी फ्रेम्सचा (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा) आकडा बघितला तर तक्रारीला जागा नाही, पण गर्दीच्या ठिकाणी गाडी गेली की असे काही गचके बसायचे की नको ते खेळणं. ज्याला विचारावं त्याचं एकच, भंगारात काढ, एएम५ (एएमडीचा नवा सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती खाच) घे, बोर्ड नवा, रॅम नवी. मी त्याच बोर्डात रायझन ५ ५६०० बसवला. गचके गेले.

कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) पूर्वीही सहा होते, आताही सहाच. मग फरक पडला कशाने? १६०० मधे ते सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत असतात, प्रत्येक गटाला ८ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतलीच जलद मेमरी), आणि या गटातल्या कोअरला त्या गटाकडचं काही हवं असलं की लांबचा वळसा. ५६०० मधे सहाही कोअर एकाच ३२ एमबी कॅशेभोवती बसलेत. वर घड्याळ ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्झ, आणि प्रत्येक ठोक्याला होणारं कामही जास्त. बॉक्सवर नुसतं 'सहा कोअर' वाचून यातलं काही कळत नाही.

माझी चूक पण सांगतो म्हणजे कोणी करणार नाही. कूलर थंड असताना सरळ वर ओढला आणि त्याच्याखालच्या वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर लॉक असताना सॉकेटमधून उपटून हातात आला. कोपऱ्यातल्या तीन पिना आडव्या. मेकॅनिकल पेन्सिलीतली शिसं काढली, टोकाची ती बारीक नळी एकेका पिनेवर चढवली आणि श्वास रोखून सरळ केल्या, अर्धा तास गेला. जुनाच होता म्हणून निभावलं. तर आधी दहा मिनिटं मशीनवर काहीतरी जड चालवा, पेस्ट मऊ होऊ दे, मग बंद करून कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवत काढा.

माझं मत, सॉकेटवर शेवटची चांगली चिप अजून बसत असेल तर अख्खी मशीन मोडायची नाही. घाला शिव्या.

नवाकोरा

शिव्या नाही पण असहमत आहे, आणि जोरात. तुम्ही मेलेल्या सॉकेटवर पैसे घातलेत राव. एएम४ चा, म्हणजे तुमच्या सॉकेटचा, रस्ता इथे संपला, यापुढे काही बदलायचं झालं की बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही एकदम घ्यावंच लागणार, म्हणजे खर्च टळला नाही, पुढे ढकलला आणि वर ५६०० चे वेगळे. एएम५ साठी एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ असं सांगितलंय. शिवाय बोर्ड आठ वर्षांचा, त्याच्या कपॅसिटरांचं वय कोण मोजतंय? पीसीआयई ३ वर (ग्राफिक्स कार्डाच्या जोडणीच्या जुन्या पिढीवर) अडकलात ते वेगळंच.

जुनीपिन

पीसीआयईचं म्हणाल तर माझं कार्ड पूर्ण १६ लेनचं (लेन म्हणजे डेटाच्या वाटा) आहे, ३ वर काय आणि ४ वर काय, मला खेळताना ओळखू येत नाही. हां, ४०६० सारखं ८ लेनचं किंवा ६५०० एक्सटी सारखं ४ लेनचं कार्ड असेल तर तुमचा मुद्दा खरा, तिथे जुना बोर्ड मार खातो.

आणि पुढे ढकललेला खर्च म्हणजे वाया गेलेला खर्च हे कुठलं गणित? ज्या दिवशी ढकलता येणार नाही त्या दिवशी तेव्हाचं जे चांगलं असेल ते घेईन, आज घेऊन ठेवून काय करू. एएम५ वर डीडीआर४ चालतच नाही, त्यामुळे माझी धडधाकट रॅम कचऱ्यात. डीडीआर५ चे भाव हल्ली कुठे गेलेत ते बघताय ना?

कंपाईलवाली

तुमचं दोघांचं भांडण एएमडीच्या घरातलं आहे. आम्ही इंटेलवाल्यांनी काय करायचं? माझ्याकडे आय७ ७७०० के होता, झेड२७० बोर्ड, २०१७ च्या सुरुवातीला हौसेने घेतलेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आठवी जनरेशन आली, चाराचे सहा कोअर झाले, सॉकेट नावाला तोच एलजीए ११५१, खाचेत बसतो सुद्धा, पण अधिकृतपणे चालणार फक्त ३०० सिरीजच्या बोर्डावर. कारण सांगितलं वीजपुरवठ्याच्या पिनांचं. मग लोकांनी बायॉसमधे (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमधे) खुडबुड करून तेच प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले, तेव्हा काय वाटलं असेल विचार करा.

म्हणजे सहावी-सातवीचा एक संसार, आठवी-नववीचा दुसरा, दहावी-अकरावी एलजीए १२००, बारावी ते चौदावी १७००, आणि आता १८५१. 'सॉकेट तोच ठेवा' हा सल्ला द्यायला आधी कंपनीने सॉकेट ठेवावा लागतो.

आणि सगळं जग गेम खेळत नाही. माझा सॉफ्टवेअर प्रोजेक्ट पूर्ण बिल्ड करायला (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायला) ७७०० के वर २६ मिनिटं लागायची, आय७ १२७०० वर ९ च्या आत होतो. आठ मोठे कोअर, चार छोटे, वीस थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामांचे धागे), आणि कंपायलर मिळेल तेवढे सगळे खातो. दिवसाला पाच-सहा बिल्ड धरले तर दीड तास वाचतो. तुमच्या गचक्यांपेक्षा हा हिशोब मला जास्त कळतो.

जुनीपिन

ताई, तुमच्या केसमधे मी पण अख्खी मशीनच बदलली असती. माझं वाक्य 'शेवटची चांगली चिप अजून बसत असेल तर' असं होतं, तुमच्या बोर्डावर ७७०० के हीच शेवटची होती.

एएमडी पण काही साधुसंत नाही हां. २०२० मधे झेन ३ च्या (५६०० ज्यातला, त्या पिढीच्या) वेळी आधी सांगितलं की बी४५० बोर्डावर सुद्धा सपोर्ट देणार नाही, लोक खवळले तेव्हा पंधरवड्याच्या आत माघार. आणि आमच्या बी३५० वाल्यांना अधिकृत होकार यायला २०२२ उजाडलं, तोवर बोर्ड तोच आणि पिनाही त्याच.

मीटरलावा

सगळे उत्तरं देतायत, पण घोडं पेंड कुठे खातंय हे कोणी बघायला सांगत नाहीये. प्रोसेसर घ्यायच्या आधी ही चाचणी करा, फुकट आहे. ज्या गेममधे अडकतं तिथेच उभे राहा, फ्रेम्स बघा, आता रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम्स भराभर वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड दमलंय, प्रोसेसर बदलून काही हाती लागणार नाही. आहे तिथेच राहिल्या तर दमलेला प्रोसेसर आहे.

दुसरं, टास्क मॅनेजरमधला तो एकत्रित टक्का बघून 'प्रोसेसर तर ४० टक्केच वापरतोय' म्हणणारे रोज भेटतात. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण पिळून निघाला तरी एकूण आकड्यात तो ८ टक्केच दिसतो. गेमचा मुख्य धागा त्या एकावरच लटकलेला असतो आणि बाकीचे अकरा वाट बघत बसतात. एकेका कोअरचा आलेख उघडून बघा.

आणि 'कुठली जनरेशन' हा प्रश्न अर्धवट आहे, आकडा फसवतो. आय७ ७७०० के चार कोअर आठ थ्रेड, आय३ १२१०० सुद्धा चार कोअर आठ थ्रेड, आणि हा आय३ त्या आय७ ला मागे टाकतो. उलटं पण होतं. रायझन ५ ५५०० आणि ५६०० शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात, दोन्ही सहा कोअरचे, पण ५५०० ला कॅशे अर्धा, १६ एमबी. नावात शंभराचा फरक आणि गेममधे मात्र तो अर्धा कॅशे चांगलाच जाणवतो.

नवाकोरा

चाचणीशी सहमत. पण एक गोष्ट सगळे विसरताय, विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या यादीत इंटेलची आठवी आणि रायझनची २००० सिरीज, तिथून पुढचे. म्हणजे जुनीपिन यांचा १६०० बाद, ताईंचा ७७०० के पण बाद. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी याचं काय ते सांगावं.

जुनीपिन

अहो हा तर माझाच मुद्दा मांडलात! १६०० बाद, ५६०० यादीत. बोर्डाच्या बायॉसमधे टीपीएम (११ ला लागणारी, किल्ल्या जपणारी सुरक्षा सोय) चालू केलं आणि त्याच बोर्डावर ११ रीतसर चालतंय. एक चिप बदलून दोन कामं झाली.

नवाकोरा

बरं, हा एक पॉइंट तुमचा. बोर्डाच्या वयाचं उत्तर अजून दिलं नाहीत. उद्या बोर्ड गेला तर नवीन एएम४ बोर्ड शोधत फिरणार का?

जुनीपिन

गेला तर फिरीन. त्याची हमी नाहीच देऊ शकत, हे मान्य. ५६०० हा ६५ वॅटचा आहे, तेवढा माझ्या साध्या बोर्डाला झेपतो. यावर ५८०० एक्स३डी बसवला असता तर मलाही धाकधूक वाटली असती, तो १०५ वॅटचा आणि या बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांवर) धड हीटसिंकही नाही.

सत्तावीसचाळीस

आमच्या घरी आय७ २६०० अजून चालू आहे, २०११ चा. एसएसडी टाकली आणि लिनक्स, पत्नी हिशोब करते, मुलगी ऑनलाइन क्लास करते, कोणाची तक्रार नाही. तुम्ही लोक जनरेशन मोजत बसा.

कंपाईलवाली

त्या वापराला छानच आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, त्या पिढीत एव्हीएक्स (जड आकडेमोडीच्या खास सूचना) आहे पण एव्हीएक्स२ नाही, ते इंटेलने २०१३ मधे हॅसवेलपासून दिलं. हल्ली काही सॉफ्टवेअर आणि गेम सुरूच होत नाहीत त्यावाचून. मंद चालणं सहन होतं हो, चालूच न होणं याला एसएसडीचा उपाय नाही.

नवशिकाचमी

सगळं वाचलं, निम्मं कळलं. माझ्या लॅपटॉपमधला प्रोसेसर बदलता येतो का?

मीटरलावा

नाही. हल्लीच्या लॅपटॉपांत तो बोर्डावर सोल्डर केलेला असतो. रॅम नि एसएसडीला जागा असेल तर तेवढं वाढवा. नवीन घ्यायचा झाला तर रायझन ७००० सिरीजच्या नावातला तिसरा आकडा वाचायला शिका. रायझन ५ ७५२० यू नावाने ७००० सिरीजमधला पण आतून झेन २, म्हणजे २०१९ चं डिझाइन. ७५४० यू झेन ४. पहिला आकडा फक्त विकायला काढल्याचं वर्ष सांगतो.

स्वस्तशोध्या

मी एलजीए १७०० वर आहे, आय५ १२४००. जुनीपिन यांच्या तत्त्वाने सेकंडहँड तेरावा किंवा चौदावा आय७ टाकू का? बोर्ड तोच चालेल.

कंपाईलवाली

चालेल, पण सेकंडहँड घेताना जपून. तेरावी-चौदावीच्या मोठ्या डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर व्हायचे, इंटेलने २०२४ मधे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती) काढला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. मायक्रोकोड पुढचं नुकसान थांबवतो, आधीच झिजलेली चिप बरी करत नाही. वापरलेली चिप आधीच्या मालकाने जुन्या बायॉसवर किती दिवस पिळली हे तुम्हाला कसं कळणार? बॉक्समधली वॉरंटीसकट घ्या आणि बसवायच्या आधी बायॉस अद्ययावत करा. आणि चौदावीत बहुतेक ठिकाणी तेरावीच थोडी ताणून दिलेली आहे, तेव्हा आकड्यासाठी जास्त मोजू नका.

नवाकोरा

बघा, म्हणजे 'सॉकेट तोच' मधे पण भानगडी आहेतच. मी याच कारणाने नवं घेतो, डोक्याला ताप नको.

जुनीपिन

एएम५ च्या पहिल्या वर्षी चालू करताना रॅम ट्रेनिंगसाठी (रॅमची जुळवाजुळव होईपर्यंत) काळी स्क्रीन बघत बसणारे पण नवंच घेतलेले होते हो. ताप दोन्हीकडे आहे, माझ्याकडचा ओळखीचा आहे इतकंच.

बीचारशेपन्नास

धागा वाचून उत्साहात मी पण आज केलं, रायझन ५ २६०० काढून ५६००. बायॉस आधी अपडेट केला, कूलर गरम करून फिरवून काढला, पिना शाबूत. आता चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर म्हणतंय नवीन सीपीयू बसवलाय, एफटीपीएम रीसेट करायला वाय दाबा, आहे तसं ठेवायला एन. काय दाबू? हात लावायची भीती वाटतेय.

मीटरलावा

थांबा, आत्ता काहीच दाबू नका. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधलं टीपीएम. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डेटाला लावलेलं कुलूप) चालू आहे का? असेल तर रिकव्हरी की हातात आहे का? ती नसताना वाय दाबलंत तर विंडोज उघडणार नाही, डेटा आत अडकेल. की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे असते, फोनवरून लॉगिन करून बघा, ४८ आकड्यांची असते.

बीचारशेपन्नास

मिळाली, कागदावर उतरवून घेतली. वाय दाबलं. की मागितली, टाकली, विंडोज उघडलं. विंडोज लॉगिनचा पिन चालत नाही म्हणतोय, नवीन सेट करायला सांगतोय.

मीटरलावा

ते होणारच, जुना पिन त्या टीपीएममधे होता. नवीन करा.

बीचारशेपन्नास

झालं. पण रॅमचा वेग २१३३ दाखवतंय, आधी ३२०० होती. काही बिघडलं का?

जुनीपिन

बायॉस अपडेटने सेटिंग पुसली. आत जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या ठरलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, सेव्ह करा.

बीचारशेपन्नास

३२००. आता गेम लावून बघतो.