वडिलांना कायमचा स्टोमा आहे. घरात हसावं की हसू नये?

कोयनाकाठची लेक

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. निम्मी नोकरी कराड-चिपळूण मार्गावर गेली. कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली की प्रवासी उतरून ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडायचे, आणि अण्णा असं काही बोलून जायचे की शिव्या देणाराच चाकाखाली दगड लावायला पुढं व्हायचा. घरातही तेच. आजी गेली तेव्हा तेराव्याला तिचे किस्से सांगून त्यांनी सगळ्यांना रडता रडता हसवलं होतं.

गेल्या वर्षी गुदाशयाचा कॅन्सर निघाला. आधी रेडिएशन आणि केमो, मग ऑपरेशन. गाठ अगदी खाली होती, त्यामुळं शौचाची मूळ जागा कायमची बंद करून पोटाच्या डाव्या बाजूला स्टोमा केला, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर उघडलं. मळ आता तिथं चिकटवलेल्या पिशवीत जमतो. जखम भरली, रिपोर्ट चांगले आहेत. अण्णा मात्र उंबरा ओलांडत नाहीत. गुरुवारचं भजन सुटलं. पिशवी भरू नये म्हणून अर्धीच भाकरी खातात.

परवा जेवताना पिशवीतून आवाज झाला आणि माझा सात वर्षांचा मुलगा खुदकन हसला. अण्णा ताटावरून उठले. आई त्याच्यावर ओरडली. आता तो आजोबांच्या खोलीत पाऊल टाकत नाही. दुसरीकडं काका येतात ते "काय दादा, सायलेन्सर बदलला म्हणे!" म्हणतच. अण्णा तोंडदेखलं हसतात आणि काका गेले की भिंतीकडं तोंड करून पडून राहतात.

आमच्या घरानं आजवर सगळं हसून निभावलंय. आता हसावं की नाही, तेच कळत नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

सकाळची फेरी

आमच्या बागेत रोज हास्यक्लब भरतो. डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली मुंबईतल्या एका बागेत मोजक्या लोकांना घेऊन याची सुरुवात केली. विनोद सांगावा लागत नाही, टाळ्या वाजवत नुसतं हसायचं. माझ्या बायपासनंतर मला तिथल्या मंडळींनी परत माणसांत आणलं. अण्णांना जरूर न्या. फक्त पोटाचं ऑपरेशन आहे, तेव्हा जोर लावून हसायचे प्रकार डॉक्टरांना विचारूनच.

मिरजेची शिवणवाली

ताई, मला स्वतःला कोलोस्टोमी, म्हणजे मोठ्या आतड्याचा स्टोमा आहे, बरीच वर्षं झाली. शिवणकाम करते. नव्यानं ऑपरेशन झालेल्या बायकांना पिशवी बदलायला शिकवते आणि पिशवीवर घालायची कापडी कव्हरं शिवून देते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पिशवी, मग विनोद. हा क्रम बदलू नका. पिशवी आत्ता सुटेल की मग, या धास्तीत बसलेल्या माणसाला हसू येणार कुठून? त्याला पोटसुद्धा हलवायची भीती वाटते. अण्णांचं फ्लँज, म्हणजे स्टोमापुरतं भोक कापून कातडीला चिकटवायची पिशवीची चकती, नीट बसतं का ते बघा. ऑपरेशननंतर पहिले दीड-दोन महिने स्टोमाची सूज उतरत असते. दवाखान्यात घेतलेलं माप तेच धरून पुढंही भोक कापलं तर ते मोठं पडतं, मळ कातडीला लागतो, कातडी सोलवटते, आणि सोलवटलेल्या कातडीवर काही चिकटत नाही. पुन्हा माप घ्या. स्टोमाच्या कडेनं दोन-तीन मिलिमीटर मोकळी राहतील एवढंच भोक कापा. कातडी कोमट पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करा, तेलकट साबण नको. फ्लँज लावल्यावर त्यावर थोडा वेळ तळहात ठेवायला सांगा, हाताच्या उबेनं ते छान धरतं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, वजनानं ओढू द्यायची नाही.

अर्धी भाकरी लगेच बंद करा. कमी खाल्लं म्हणून आतडं थांबत नाही. उपाशी पोटी उलट गॅस जास्त होतो आणि आवाजही वाढतात. वेळेवर, थोडं थोडं, चावून खाऊ द्या. कोबी, कच्चा कांदा, उसळी, सोड्याच्या बाटल्या बाहेर जायच्या आधी टाळायच्या. घरी असताना एकेक खाऊन बघायचं, प्रत्येकाचं पोट वेगळं.

आता हसण्याचं. मला ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी माझं सगळं केलं. पहिल्यांदा पिशवी सुटली ती रात्री अंथरुणात. मी हुंदके देत होते आणि त्या काही न बोलता चादर ओढून घेऊन मोरीत बसल्या. पुढं पुतण्याचं लग्न निघालं. मी जाणारच नव्हते. त्यांनी माझ्यासाठी परकराची नाडी स्टोमाच्या वर येईल अशी उंच पट्टी लावून घेतली, पर्समध्ये आधीच कापलेलं फ्लँज, पिशवी, ओली फडकी घातली आणि मला मांडवात शेजारी बसवलं. शेवटची मंगलाष्टका संपत आली, सगळे हातात अक्षता घेऊन गप्प, भटजींनी श्वास घेतला, आणि "सावधान"च्या नेमकं आधी माझी पिशवी वाजली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जाऊबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "भटजींच्या आधी तूच म्हणालीस गं!" आम्ही दोघी पदरात तोंड घालून इतक्या हसलो की लोकांना वाटलं, पुतण्याच्या मायेनं रडताहेत. मी पोटाला हात लावून हसत होते, स्टोमाला आधार द्यायला. त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत मी लोकांच्या मधोमध बसले.

हेच वाक्य दुसरं कुणी बोललं असतं तर मी तशीच उठून घरी गेले असते. जाऊबाईंनी माझी चादर धुतली होती. त्यांना माझी किती दैना झाली ते ठाऊक होतं, म्हणून त्यांचं हसणं माझ्या बाजूनं होतं. तुमच्या काकांचा जीव असेलही भावावर, पण त्यांनी अजून एकदाही पिशवी पाहिलेली नसणार. त्यांना विनोद बंद करा म्हणू नका. एकदा अण्णांबरोबर ड्रेसिंगच्या सामानाच्या दुकानात पाठवा. डबा उघडून माप, पेस्ट, पावडर बघू द्या. त्यानंतर त्यांच्या तोंडून जे येईल ते वेगळंच असेल.

आणि अण्णांच्या स्टोमावर पहिला विनोद अण्णांचाच झाला पाहिजे. बरेच जण स्टोमाला नाव ठेवतात. आमच्यातल्या एका आजींनी "पाव्हणा" ठेवलंय, कारण वेळकाळ न बघता येतो. पण ते नाव त्यांनी स्वतः ठेवलं. तुम्ही आयतं सुचवायला जाऊ नका. थांबा.

नातवाला मात्र आजच समजावून सांगा. मूल आवाजाला हसलं, आजोबांना नाही. त्याला सांगा की आजोबांचं आतडं पोटावर उघडतं, तिथं आवरून धरायला स्नायू नसतो, त्यामुळं आवाज त्यांच्या हातात नाही. स्टोमा गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर असतो, आणि हात लागला तरी दुखत नाही. अण्णा तयार असतील तर दाखवूही द्या. मुलांची भीती बघितल्यावर जाते.

अण्णा रडले तर रडू द्या. हसवायची घाई करू नका.

वर्गाबाहेर

मी मानसशास्त्र शिकवते. वरच्या ताईंनी जे अनुभवातून लिहिलंय त्याला अभ्यासाचाही आधार आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या: माणसं जोडणारा, एकट्यालाही सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि चारचौघांत खपून जावं म्हणून स्वतःलाच तुडवणारा. पहिल्या दोन तऱ्हांचा संबंध समाधानाशी दिसतो, शेवटच्या तऱ्हेचा उदासपणाशी आणि चिंतेशी. अण्णा काकांसमोर जे तोंडदेखलं हसतात त्याकडं म्हणून लक्ष असू द्या. उद्या ते स्वतःहून स्वतःला "घाण" वगैरे म्हणत लोकांना हसवू लागले, तर ती सुधारणा समजू नका. झोप उडाली, जेवण तुटलं, "मी ओझं झालोय" असं बोलणं आलं, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं आणि घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.

कोयनाकाठची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. शिवणवाल्या ताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. मंगलाष्टकांपाशी ती हसली आणि मग डोळे पुसत बसली.

माप खरंच चुकत होतं. आम्ही दवाखान्यातल्या कागदावरून कापत होतो, स्टोमा केव्हाच लहान झाला होता. आता फ्लँज टिकतंय, कातडीची आगही थांबली. मुलाला समजावलं तेव्हा त्यानं सरळ जाऊन आजोबांना विचारलं, "दुखत नाही ना?" अण्णांनी त्याला समोर बसवून भोक कसं आखायचं ते दाखवलं. आता वर्तुळ आखायचं काम त्याच्याकडं आहे, कात्री अण्णांकडं.

काल रात्री जेवताना पुन्हा आवाज झाला. आम्ही सगळे ताटात बघत राहिलो. अण्णाच म्हणाले, "डबल बेल झाली. चला, गाडी सुटली, वाढा!" मुलगा आधी आईकडं बघून मग हसला. अण्णांनी अख्खी भाकरी खाल्ली.

भजनाला अजून जात नाहीत. तासभर खाली मांडी घालून बसायचं आणि मध्ये उठावं लागलं तर काय, हे त्यांच्या मनातून जात नाही. पिशवी न वापरता पाण्यानं पोट साफ करायची काही पद्धत असते असं कुणी म्हणालं. ती अण्णांना चालेल का?

मिरजेची शिवणवाली

अख्खी भाकरी! फार बरं वाटलं वाचून.

त्याला इरिगेशन म्हणतात. अण्णांसारख्या डाव्या बाजूच्या कायमच्या कोलोस्टोमीला जमू शकतं. शंकूसारखं तोंड असलेल्या नळीनं कोमट पाणी स्टोमातून आत सोडायचं, मग पाणी आणि मळ स्टोमावर लावलेल्या लांब बाहीसारख्या पिशवीतून भांड्यात उतरतो. रोज किंवा दिवसाआड, ठरलेल्या वेळी. आतड्याला वळण लागायला काही आठवडे जातात. पुढं बऱ्याच जणांना मधल्या वेळात छोटी टोपी लावली तरी पुरते. पण आधी सर्जनना विचारा. केमो चालू असेल किंवा स्टोमाशेजारी हर्निया असेल तर करायचं नाही, आणि पहिल्यांदा शिकलेल्या नर्सच्या हाताखालीच करायचं. एकदा करायला तासभर लागतो. घरात एकच बाथरूम असेल तर सकाळी बाकीच्यांनी आधी आवरून घ्या.

तोवर भजनाला खुर्ची टाकून दाराजवळ बसू देत. पिशवी रिकामी करून निघायचं, आणि वरून कव्हर. माप कळवा, दोन शिवून पाठवते. रंग अण्णांना विचारा.