धुराडं एकटंच नाही

वर एकाने लिहिलंय की चंद्रपूरच्या हवेचं वाटोळं एकट्या औष्णिक वीज केंद्राने केलं. अर्धंच पटलं. २९२० मेगावॉटचं केंद्र शहराला खेटून आहे, त्याचा वाटा मोठाच. पण उंच धुराड्यातली राख लांबवरही जाते; दारात येते ती जमिनीलगतची धूळ. माझं लहानपण घुग्गुस रोडला गेलं. कोळशाचे ट्रक ताडपत्रीशिवाय जायचे, सांडलेला कोळसा चाकांखाली दळून पीठ व्हायचा. आई दोरीवरचे कपडे झटकूनच आत आणायची, तरी पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर काळी रेघ राहायचीच.

आणखी एक गोष्ट इथे कुणीच काढली नाही. उघड्या खाणींतला, ढिगांतला कोळसा हवा लागून आपोआप तापतो, पेटतो आणि दिवसेंदिवस धुमसत राहतो. त्या धुराला ना चिमणी, ना गाळणी. शिवाय वस्त्यांमधल्या शेगड्या आहेतच. वेचून आणलेला कोळसा पहाटे दाराबाहेर पेटवतात, धूर ओसरला की शेगडी आत. हिवाळ्यात गार हवेमुळे तो धूर वर चढतच नाही, उन्हं येईपर्यंत गल्लीत तसाच बसून असतो. आणि शाळेला निघालेली पोरं त्यातूनच चालत जातात.