फडाचा पाट सहा रविवारांत जिवंत होत नसतो

पाटकऱ्याचा_नातू:
गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला सात जणांनी पाठवला. साक्री तालुक्यातल्या, पांझरा नदीवरच्या एका जुन्या फडाच्या पाटाचे फोटो. फड म्हणजे एकाच पाटावर गावानं मिळून भिजवायच्या जमिनीचा पट्टा. आधी बेशरमाची झुडपं आणि गाळ. नंतर उघडा पाट, सुरीनं कापल्यासारखे सरळ काठ, आतून सिमेंटचा गिलावा. खाली लिहिलंय, 'शेतकऱ्यांनी चाळीस वर्षं टाकून दिलेला पाट तरुणांनी सहा रविवारांत जिवंत केला.' मुलांनी घाम गाळला, त्याला माझा नमस्कार. पण 'टाकून दिलेला' हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही.

माझे आजोबा याच खोऱ्यात पाटकरी, म्हणजे पाट राखणारे होते. बंधाऱ्यापासून शेवटच्या चारीपर्यंत रोज पायी, हातात फावडं. काठावर खेकड्याचं बीळ दिसलं की पाण्याच्या अंगानं खणत जायचं, बीळ संपेपर्यंत, आणि मग ओली माती ठासायची. बाहेरून तोंड लिंपलं की पाणी आतल्या आत वाट करतं, हे त्यांनी मला शाळेत जायच्या आधी शिकवलं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की घरटी माणूस पाटावर यायचं. ज्याची जमीन जास्त, त्याची माणसं जास्त. पाटकरी, जागल्या, हवालदार या पाट आणि पीक राखणाऱ्यांचं धान्य खळ्यावरच वेगळं निघायचं.

हे मोडलं कसं? वर लाटीपाड्याचं धरण झालं आणि नदीचं पाणी आपोआप येईना, सोडलं की येऊ लागलं. मग विहिरीवर मोटार बसली. फडात सगळ्यांनी एक पीक घ्यायचं, मोटारवाल्याला मात्र कांदा लावायचा होता. पाटकऱ्याचं धान्य पहिल्यांदा त्यानं बंद केलं, मग शेजाऱ्यानं. आजोबांनी शेवटची तीन वर्षं फुकट पाट राखला. त्याला 'टाकून दिला' म्हणता?

आणि तो काठ! काळ्या मातीचा भराव करून वर गिलावा मारलाय. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं फाटते. दोन पावसाळे जाऊ द्या. तेव्हा सातव्या रविवारी पाटावर कोण चालणार आहे, एवढंच त्या मजकुरात लिहायचं राहिलं.

फावडं_आणि_पाटी:
मी त्या फोटोत आहे. तो मजकूर मी लिहिला नाही, पण तुमचं लिहिणं वाचून माझंही डोकं तापलं. आम्ही अठ्ठावीस जण होतो, त्यातले अकरा याच तालुक्यातले. आजोबांचा मान ठेवून विचारतो दादा, त्यांच्यानंतर पाटावर तुमच्या घरातलं कोण चाललं?

दुसऱ्या रविवारी गाळाखाली जुना सांडवा लागला. घडीव दगडाचा, एक सांधा हललेला नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनाही तो नेमका कुठं होता ते आठवेना. एक आजी काठीवर टेकत आल्या, दगडावर हात फिरवला आणि तिथंच बसून राहिल्या. त्यांच्या सासऱ्यांची राखण त्याच जागी असायची म्हणे. ते बघायला तुम्ही नव्हता.

गिलाव्याचं सांगतो. एका दात्यानं सिमेंटच्या गोण्या दिल्या. गोण्या आल्या म्हणून गिलावा केला. चुकलं असेल तर चुकलं. पण गाळ आमच्याच हातांनी उपसला.

निवृत्त_उपअभियंता:
एकतीस वर्षं कालव्यांवर काढली, म्हणून काठाबद्दल बोलतो. नातूसाहेबांचं निदान बरोबर आहे. काळ्या मातीवर थेट अस्तर टिकत नाही. अस्तरामागं न फुगणाऱ्या मुरमाचा थर लागतो. भराव सहा-सहा इंचाच्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकायचा. शिवाय पाट भरलेला असताना पाणी एकदम बंद केलं, की काठातलं पाणी मागून दाब देतं. अस्तराला निचऱ्याची भोकं नसतील तर ते पापुद्र्यासारखं सुटतं, मागोमाग काठ घसरतो. फोटोत मला एकही भोक दिसलं नाही. उतारही जवळजवळ उभा आहे. मातीचा काठ निदान दीडास एक, म्हणजे दीड फूट आडवा तर एक फूट उभा हवा.

पण एक सांगतो. सगळं खापर सरकारी माणसावर फोडायची सवय इथं फार. आमच्या उपविभागात चौकीदार निवृत्त झाला की ती जागा रिकामी राहायची. शेवटी शेवटी पंधरा किलोमीटर कालव्याला एक माणूस होता, आणि त्यालाही निवडणुकीच्या कामावर नेत. रात्री फूट झाली की शिव्या मात्र मला. पाटकऱ्याचं पोट गावात तुटलं तसंच खात्यातही तुटलं.

बाभूळबन:
सगळे माती आणि सिमेंटवर बोलताय. काठावरच्या बाभळी कुठं गेल्या? आधीच्या फोटोत मी एकवीस मोजल्या. नंतरच्या फोटोत चार. सुगरणींची घरटी लोंबत होती त्यांच्यावर. झाड तोडून 'पाट जिवंत केला' म्हणताना काहीच वाटलं नाही?

निवृत्त_उपअभियंता:
मॅडम, भरावावर मोठं झाड नसावं हा पहिला धडा आहे. मुळाच्या कडेनं पाणी वाट शोधतं.

बाभूळबन:
साहेब, मग ती इतकी वर्षं तिथं उभी असताना पाट का नाही फुटला? मुळांनी काठ धरून ठेवला होता. आमच्या गावात नाल्याकाठच्या बाभळी तोडल्या आणि पुढच्याच पावसाळ्यात वडिलांचं दीड एकर नाल्यात गेलं. तो नाला आता जिथून वाहतो तिथं मी लहानपणी हरभरा उपटलाय.

निवृत्त_उपअभियंता:
नाल्याचा काठ वेगळा, भरावाचा काठ वेगळा. नाल्याचं पाणी जमिनीच्या पातळीखाली वाहतं, भरावातलं पाणी जमिनीच्या वर टांगलेलं असतं. माझ्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी फूट एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्याशी झाली. झाड तोडून सहा वर्षं झाली होती. मुळं आत कुजली, त्यांच्या जागी नळ्या राहिल्या, आणि पहाटे तीनला अर्धा गहू आडवा.

बाभूळबन:
म्हणजे तुम्हीच सांगताय की फूट झाली ती तोडलेल्या झाडापाशी! सतरा बुंधे आता त्या काठात कुजत पडणार. हेच म्हणतेय ना मी?

फावडं_आणि_पाटी:
ताई, बाभळी आम्ही नाही तोडल्या. जेसीबी आत यायला वाट हवी म्हणून शेजारच्या शेतकऱ्यानं तोडल्या, लाकूडही त्यानंच नेलं. आम्ही पोचलो तेव्हा बुंधेच होते.

बाभूळबन:
म्हणजे 'फावडं आणि पाटी' असं नाव घेऊन जेसीबी चालवला. सहा रविवारांचं गणित आता जुळलं.

फावडं_आणि_पाटी:
दीड दिवस चालला जेसीबी, फक्त बंधाऱ्याजवळच्या दगडगोट्यांसाठी. बाकी सगळं हातानं. माझ्या तळहाताचे फोड मी इथं दाखवू का? तुम्हा सगळ्यांना घरी बसून झाडं मोजता येतात, हे मात्र खरं.

पाटकऱ्याचा_नातू:
आवाज खाली. ताई वयानं मोठ्या आहेत.

बाभळींबद्दल माझंही ऐका. आजोबा पाण्याच्या अंगाला काहीही उगवू देत नसत, रोपटं असतानाच उपटायचे. बाहेरच्या अंगाला, भरावाच्या पायथ्यापलीकडे, झाड चालायचं. काठावर हरळी. हरळी सुटली की ते दुसरीकडून ढेकळासकट आणून लावायचे, सिमेंटच्या गोणीची गरजच नव्हती. एकवीस बाभळी काठावर उभ्या राहिल्या, कारण इतकी वर्षं रोपटं उपटणारा माणूस नव्हता. तोडणाराही चुकला, वाढू देणारेही चुकले. आता ते बुंधे मुळांसकट खणून काढावे लागतील, खड्डे थराथरानं ठोकून भरावे लागतील. तो एक रविवार नाही, तो अख्खा उन्हाळा आहे.

केनेटकाठी:
मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, इथंच केनेट नदी थेम्सला मिळते. इथून ब्रिस्टलकडे जाणारा केनेट अँड एव्हन कालवा १८१० मध्ये पुरा झाला, पुढं रेल्वेनं त्याचं पोट मारलं आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो मोडकळीला आला. लोकांनी वर्षानुवर्षं स्वतः राबून, पैसे गोळा करून तो उघडला, १९९० मध्ये राणीच्या हस्ते समारंभ झाला. मी स्वतः शनिवारी चिखलात उभा राहून काठ लावलाय. तेव्हा 'स्वयंसेवकांनी होत नाही' हे मला पटत नाही. नातूसाहेब, तुम्ही उमेद मोडताय.

पाटकऱ्याचा_नातू:
१९९० नंतर काय झालं तेही सांगा की.

केनेटकाठी:
सांगतो, लपवण्यासारखं नाही. उघडल्यावरही काठ गळत होते, पाणी अडवायची दारं कुजत होती, पाणी पुरत नव्हतं. १९९६ मध्ये लॉटरीच्या निधीतून अडीच कोटी पौंड आले तेव्हा तो खऱ्या अर्थानं स्थिरावला. आणि आज रोजची देखभाल पगारी माणसं करतात, स्वयंसेवक त्यांच्या सोबतीला. बरं, तुमचा मुद्दा यातून निघतो, मान्य करतो. पण स्वयंसेवकांनी आधी तो कालवा वाचवला नसता तर अडीच कोटी कशावर घालणार होते?

एक काठाचंही. एव्हनच्या खोऱ्यात डोंगरउतारावरचा एक तुकडा इतका गळायचा की तो पुन्हा वापरात आणताना खाली प्लास्टिकचा कागद आणि वर काँक्रीट घालावं लागलं. मूळ पद्धत चिकणमाती पाण्यात तुडवून थापायची. सिमेंट म्हणजे पाप, असं सरसकट नको.

विहीरवाला_कांदेवाला:
मोटारवाला म्हणून माझ्यासारख्यांनाच शिव्या चालल्यात, म्हणून लिहितो. माझी विहीर त्याच पाटाच्या खाली आहे. पाट झिरपतो म्हणून विहिरीला पाणी असतं. आतून सिमेंट मारलंत तर माझ्या विहिरीत काय उतरणार? श्रमदान करताना कोणी विचारलं मला? वडिलांनी धान्य बंद केलं असेल, पण १९७२ च्या दुष्काळात ज्या घरानं खडी फोडून पोट भरलं, त्या घराला कांद्यात दोन पैसे दिसले तर तो गुन्हा नव्हे.

शेपटाची_शेतकरीण:
भाऊ, तुमनी गोट खरी शे, पण तुमच्या विहिरीत जे झिरपतं ते माझ्या शेतात यायचं पाणी आहे. माझी दोन बिघे शेवटच्या चारीवर. सासरे सांगायचे, पाणी कमी पडलं की एक फड कमी भिजवायचा. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात, त्यामुळं कमी पडलं तर सगळ्यांना सारखं कमी पडायचं, शेपटाकडचा एकटा मरत नव्हता. आता वरचे पाच जण पाटात पाइप टाकून मोटारी लावतात आणि माझ्याकडे येतो तो ओला गाळ. मी सहा वर्षं बाजरीवर काढली. नवरा सुरतेला गेला तो याच पायी.

इथं तुम्ही सगळे काठावर भांडताय. काठ कसाही बांधा. वरच्या मोटारी कोण उचलणार, ते सांगा.

विहीरवाला_कांदेवाला:
मी पाटात पाइप टाकलेला नाही. तुमच्या दुःखाचा दोष माझ्या विहिरीवर नको.

शेपटाची_शेतकरीण:
तुम्ही नाही टाकला, तुमच्या भावकीनं टाकलाय. गावात सगळ्यांना माहीत आहे.

निवृत्त_उपअभियंता:
यावर वाट आहे. २००५ च्या कायद्यानं शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेला पाणी मोजून मिळतं आणि आत वाटप संस्थेनंच करायचं. नाशिकजवळ ओझरला वाघाड धरणाच्या कालव्यावर शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी हेच केलं. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं १९९० च्या आसपास शेपटाकडून सुरुवात केली. वरच्यांना बोलावून नव्हे.

पाटकऱ्याचा_नातू:
वाघाडचं मान्य. पण तिथं माणसं दर आठवड्याला बैठकीला बसली, वर्षानुवर्षं. संस्था नोंदवली आणि फलक लावला एवढ्यानं नाही झालं. आमच्या फडाला तर नोंदणीचा कागदही नव्हता. पंच, पाटकरी आणि खळ्यावरचं धान्य, एवढ्यावर तीन-चारशे वर्षं पाणी वाटलं गेलं.

शेपटाच्या ताईंनी खरा प्रश्न विचारला. पाटावर रोज चालणारा माणूस असला तर पाइप पहिल्याच दिवशी दिसतो. नसला तर काँक्रीटचा काठ असूनही शेपूट कोरडंच.

फावडं_आणि_पाटी:
दादा, मघाशी मी 'तुमच्या घरातलं कोण चाललं' असं विचारलं, ते लागलं असेल. मागं घेतो. प्रश्न मात्र मागं घेत नाही. तुम्हाला काठ कळतो, बीळ कळतं, हरळी कळते. आमच्यातल्या एकालाही कळत नाही. आम्हाला कोणी सांगितलंच नाही, म्हणून गोण्या आल्या तशा लावल्या. पाटकऱ्याच्या पगाराला अठ्ठावीस जण दर महिन्याला थोडे थोडे टाकू शकतो.

शेपटाची_शेतकरीण:
तुम्ही टाकू नका. पाणी ज्याला मिळतं त्यानं द्यायला हवं, नाहीतर तो तुमचा नोकर होईल, गावाचा नाही. माझी दोन बिघे आहेत, माझ्या हिश्शाचं मी देते. आधी पाणी येऊ द्या.

पाटकऱ्याचा_नातू:
मुला, लागलं ते खरं. घरातलं कोणी चाललं नाही. वडील एसटीत लागले, मी पुण्यात. म्हणूनच तो शब्द मला इतका झोंबला असेल.

आखाजीला मी गावी येतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बंधाऱ्यावर ये, चौघांना घेऊन, जास्त नको. कुदळ, टिकाव, धुमस आण. पहिले आठ दिवस फक्त बुंधे आणि बिळं. गिलावा जिथं सुटायला लागला असेल तिथं फोडून काढू. मुरूम कुठल्या टेकाडाचा घ्यायचा ते उपअभियंतासाहेब सांगतील, त्यांनी यावं ही विनंती. बाभूळबनताई, पायथ्यापलीकडे झाडं कुठं लावायची ते तुम्ही ठरवा. कांदेवाले भाऊ, विहिरीचं म्हणणं पंचांपुढं मांडा, तुमच्याशिवाय तो पाट चालणार नाही हे मलाही कळतं.

पाटावर नवी सिमेंटची गोणी दिसली तर मात्र मी तिथूनच परत फिरेन.