लॅपटॉपचा प्रोसेसर ४.७ गिगाहर्ट्झला पोचतच नाही: बिघाड की हे असंच असतं?

प्रश्न: अर्धाक्लॉक

पातळ लॅपटॉप आहे, प्रोसेसर कोअर आय७-१२६०पी. कमाल टर्बो (थोडा वेळ मिळणारा वाढीव वेग) ४.७ गिगाहर्ट्झ दिलाय. चार्जर लावलेला, पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'. सिनेबेंच आर२३ या वेग-चाचणीतलं मल्टी-कोअर चालवलं की टास्क मॅनेजरमध्ये सुरुवातीला ३.३ दिसतं, अर्ध्या मिनिटात २.४ वर उतरतं आणि तिथेच राहतं. तापमान आधी ९६, नंतर ७८ अंश. सिंगल-कोअरला ४.२ ते ४.४. थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलू, अंडरव्होल्ट करू (व्होल्टेज कमी करू) की सरळ वॉरंटीत देऊ?

प्रतिसाद: वॅटमीटर

मल्टी-कोअरच्या आकड्यांत बिघाड काहीच दिसत नाही. या चिपमध्ये ४ पी-कोअर (वेगवान) आणि ८ ई-कोअर (वीज वाचवणारे) आहेत. ४.७ हा आकडा फक्त पी-कोअरचा आहे, तोही एखाद-दुसऱ्याच कोअरवर काम असेल तेव्हाचा. ई-कोअरची कमाल मर्यादाच ३.४ आहे. टास्क मॅनेजर सगळ्यांची सरासरी काढून एकच आकडा दाखवतो, त्यामुळे बाराही कोअर राबत असताना तिथे ४.७ दिसणं शक्यच नाही.

२.४ वर उतरण्याचं कारण तुमच्याच तापमानात आहे. अडचण उष्णतेची असती तर पारा ९५-१०० ला चिकटून राहिला असता आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) वरखाली होत राहिला असता. इथे क्लॉकबरोबर तापमानही १८ अंशांनी खाली आलंय, म्हणजे ब्रेक वीजमर्यादेने लावलाय. या प्रोसेसरची बेस पॉवर २८ वॅट आणि कमाल टर्बो पॉवर ६४ वॅट. थोडा वेळ वरची मर्यादा (पीएल२) चालते, मग खालची (पीएल१) लागू होते. किती वेळ आणि नेमके किती वॅट, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. पातळ मॉडेलमध्ये पीएल२ बऱ्याचदा ६४ च्या बराच खाली ठेवलेला असतो. पी-कोअरचा बेस क्लॉक २.१ आहे, ई-कोअरचा १.५. तेव्हा २८ वॅटमध्ये २.४ मिळतंय ते ठीकच म्हणायचं.

वरचे शेवटचे काही मेगाहर्ट्झ फार महाग पडतात. वीज साधारण क्लॉक गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशेबाने वाढते. क्लॉक १० टक्के वाढवायला व्होल्टेजही १० टक्के लागलं, तर वीज ३३ टक्के जास्त. बारा कोअरना ते परवडत नाही.

सिंगल-कोअरचं ४.४ मात्र तपासण्यासारखं आहे.

प्रतिसाद: रजिस्टर_वाचक

सिंगल-कोअरसाठी टास्क मॅनेजर बाजूला ठेवा. एचडब्ल्यूइन्फो हा सेन्सरचे आकडे दाखवणारा प्रोग्राम 'सेन्सर्स ओन्ली'मध्ये उघडा आणि सेटिंगमधला पोलिंग कालावधी २००० वरून ५०० मिलिसेकंद करा; दोन सेकंदांनी एकदा बघितलं तर छोटी उसळी निसटते. रीसेट करून टेस्ट लावा आणि प्रत्येक पी-कोअरच्या क्लॉकचा 'मॅक्सिमम' रकाना बघा. 'इफेक्टिव्ह क्लॉक' वेगळा: कोअर झोपलेला असतानाचा वेळही त्यात धरतात, म्हणून अर्ध्या भारावर तो कमीच दिसणार.

विंडोज थ्रेड (प्रोग्रामच्या कामाचा धागा) या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असतो. तो एका जागी बांधायचा तर टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये प्रोसेसवर राइट क्लिक करून 'सेट ॲफिनिटी'. या चिपवर सीपीयू ० ते ७ म्हणजे पी-कोअरचे आठ थ्रेड, ८ ते १५ ई-कोअर.

मग एचडब्ल्यूइन्फोचा 'परफॉर्मन्स लिमिट रीझन्स' गट उघडा, खरं उत्तर तिथे असतं. 'थर्मल'समोर 'येस' असेल तर उष्णता, 'पॉवर लिमिट' असेल तर वॅट, 'इलेक्ट्रिकल डिझाइन पॉइंट' असेल तर विद्युतप्रवाह. 'मॅक्स टर्बो लिमिट'समोरचं 'येस' बघून बरेच जण दचकतात. त्याचा अर्थ एवढाच की कोअर त्या क्षणी लागू असलेल्या टर्बो-मर्यादेला टेकलाय.

तुमच्या बाबतीत मला संशय पार्श्वभूमीतल्या प्रोग्रामांचा आहे. टर्बोची मर्यादा जागे कोअर किती आहेत त्यावर ठरते. क्लाउड सिंक, अँटिव्हायरस, ब्राउझरचे वीस टॅब यांनी दोन-तीन कोअर सतत जागे ठेवले की मर्यादा आपोआप एक पायरी खाली येते. थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसर-सेटिंगच्या प्रोग्राममध्ये 'सी०%' रकाना (कोअर किती टक्के वेळ जागे आहेत) बघा, काही चालू नसताना तो १ च्या आतबाहेर हवा. 'सी-स्टेट (कोअरच्या झोपेच्या अवस्था) बंद करा, वेग वाढेल' हा सल्ला अजून फिरतोय. तो पाळलात तर सगळेच कोअर जागे धरले जातात आणि सिंगल-कोअर टर्बो आणखी घसरतो.

प्रतिसाद: थंडडोकं

थ्रॉटलस्टॉपमधून पीएल१ ४५ करा की, प्रश्नच मिटला.

प्रतिसाद: वॅटमीटर

@थंडडोकं, बहुतेक वेळा नाही मिटत. वीजमर्यादा दोन ठिकाणी लिहिलेली असते, एक एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या आतलं रजिस्टर) आणि दुसरी एमएमआयओमध्ये (मेमरीच्या पत्त्यावरून वाचलं जाणारं रजिस्टर). दोन्हींतली कमी असेल ती लागू होते. त्यातून बऱ्याच लॅपटॉपचा एम्बेडेड कंट्रोलर (मदरबोर्डवरची पंखा-वीज सांभाळणारी छोटी चिप) आपले आकडे थोड्या थोड्या वेळाने परत लिहीत राहतो. टिकलंच तरी ६५ वॅटच्या चार्जरवर ४५ वॅट प्रोसेसरला, वर स्क्रीन आणि बॅटरी चार्जिंग, एवढं सगळं बसत नाही.

अंडरव्होल्टिंगची आशाही फार धरू नका. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षा-त्रुटी उघड झाली आणि त्यानंतर बहुतेक उत्पादकांनी बायोसमधून व्होल्टेज बदलणं कुलूपबंद केलं. थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर (व्होल्टेज बदलायच्या) खिडकीत 'लॉक्ड' दिसलं की तो विषय संपला.

पेस्टला हात कधी लावायचा? सिंगल-कोअर लोड लावताक्षणी तापमान सेकंदाभरात ९५ वर गेलं, किंवा सारख्याच भारावर पी-कोअरमध्ये १५ अंशांचा फरक दिसला, तर पेस्ट किंवा हीटसिंकची बैठक बिघडली आहे. आधी हीटसिंकच्या पात्यांत अडकलेली धूळ काढा, पंखा बोटाने धरून हवा मारा. पेस्ट बदलायची तर बॅटरीचा कनेक्टर आधी काढा आणि स्क्रू हीटसिंकवर छापलेल्या क्रमानेच सोडवा, घट्ट करा. लॅपटॉपच्या चिपवर धातूचं झाकण नसतं. पातळ पेस्ट गरम-थंड होताना कडेला ढकलली जाते. म्हणून पीटीएम७९५० सारखी फेज-चेंज शीट (गरम झाली की मऊ होऊन पसरणारी) बरी. शीटवरची संरक्षक फिल्म निघत नसेल तर शीट थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा.

प्रतिसाद: अर्धाक्लॉक

सी०% काही न करताही ६ दाखवत होता, सिंक क्लायंटमुळे. तो बंद करून पुन्हा टेस्ट लावली: पी-कोअर २ चा मॅक्सिमम ४६८९, बाकीचे ४४०० च्या आसपास. थर्मल 'नो'. हे ४७०० का नाही?

प्रतिसाद: रजिस्टर_वाचक

४७ हा गुणक पुरा मिळालाय. हा गुणक ज्या बस क्लॉकला लागतो तो बरोबर १०० मेगाहर्ट्झ नसतो, एचडब्ल्यूइन्फोत 'बस क्लॉक' बघा, ९९.८ च्या जवळपास दिसेल. त्याला ४७ ने गुणा. वॉरंटीत देण्यासारखं यात काही नाही. सिंक क्लायंटला मोठं काम चालू असताना पॉज ठेवा.

प्रतिसाद: खटपट्या

एएमडीच्या रायझन प्रोसेसरलाही हेच लागू आहे का?

प्रतिसाद: वॅटमीटर

हो. एएमडीच्या व्याख्येतही मॅक्स बूस्ट म्हणजे एका कोअरने थोड्या वेळाच्या सिंगल-थ्रेड कामात गाठायचा वेग. तिथे पीपीटी ही पॅकेजची वीजमर्यादा बघा. लॅपटॉपमध्ये भर एसटीएपीएमची: बाहेरचं कव्हर किती तापलं असेल याच्या अंदाजावर वॅट कमी होतात. म्हणून चिप ७० अंशांवर असूनही क्लॉक पडलेला दिसू शकतो.