परदेशी राहताना काय मागवावं? माझं मत : खाऊ येऊ द्या, सामान नको

लांबपल्ला :
परदेशात राहायला गेलेल्या घरांत हा वाद अधूनमधून होतोच. मागच्या घरातलं काय मागवायचं आणि कशावर पाणी सोडायचं? माझं मत आता पक्कं झालंय. संपणाऱ्या वस्तू मागवाव्यात, उरणाऱ्या मागवू नयेत. खाऊचं खोकं येऊ दे. भांडी, फर्निचर, चादरी, उपकरणं निघण्याआधीच वाटून टाकावीत.

सामान आलं की ते पुढच्या घरी हलवायचं ओझंही सोबत येतं, आणि परदेशातला बराच काळ भाड्याच्या घरात जातो. खाऊ खाल्ला जातो, शेजाऱ्यांना देता येतो, फळी पुन्हा मोकळी होते. विजेच्या उपकरणांचं तर विचारूच नका. चार्जरवर १००-२४० व्होल्ट छापलेलं असतं, तो कुठेही चालतो. इस्त्री, किटली, मिक्सर बहुतेक वेळा एकाच व्होल्टेजसाठी बनवलेले असतात. २३० व्होल्टची इस्त्री १२० व्होल्टच्या देशात नीट तापत नाही आणि उलट केलं तर जळते. तरीही लोक ती प्रेमाने बांधून नेतात.

पेटारा :
ठाम असहमत. तुम्ही हिशेब उलटा मांडलाय. विमानाने पाठवायला सगळ्यात महाग पडतो तो हलका, फुगीर खाऊच. कुरिअरवाले काट्यावरचं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त त्यावर पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. ५० × ४० × ४० च्या खोक्याचे १६ किलो होतात. आत सहा किलोचा कुरकुरीत खाऊ असला तरी पैसे सोळाचेच.

जहाजाने जाणाऱ्या घरगुती सामानाचं गणित वेगळं. तिथे मुख्यतः घनमीटर मोजतात. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. आपल्याला सगळा लागत नाही, इतरांच्या सामानासोबत दोन-तीन घनमीटर घेता येतात. जड पुस्तकं, अवजारं, मुलांचं अभ्यासाचं टेबल असंच न्यावं.

आणखी एक. युरोपियन युनियनमध्ये राहायला येणाऱ्याला वापरलेल्या घरगुती सामानावर आयात शुल्क माफ होतं. अट अशी की वस्तू किमान सहा महिने तुमच्या वापरात हव्यात, तुम्ही आधी किमान बारा महिने युनियनबाहेर राहिलेले हवेत आणि सामान तिथे वास्तव्य सुरू केल्यापासून बारा महिन्यांच्या आत यायला हवं. 'लागलं तर मागवू' म्हणत बसलात तर ही सवलत हातची जाते.

टाकाटीप :
पेटारा यांच्याशी सहमत, पण माझं कारण पैशाचं नाही. मी शिवणकाम करते. माझ्या मशीनचा पायाखालचा दाब, सुईचा आवाज हाताला ठाऊक आहे. नव्या मशीनवर तेच कापड मला नवखं वाटतं. ज्या वस्तूने आपण काम करतो ती 'उरणारी' म्हणून मागे ठेवायची हे मला पटत नाही. वाद्यं वाजवणाऱ्यांना विचारून पाहा.

कागदपत्र :
दोन्ही बाजू नियम विसरतायत, आणि खाऊच्या बाबतीत ते फार कडक आहेत. युरोपियन युनियनबाहेरून टपालाने मांस आणि दुधाचे पदार्थ पाठवायला, मोजके अपवाद सोडले तर, बंदी आहे. न्यूझीलंडमध्ये मध नेता येत नाही, मधमाश्यांच्या रोगांची भीती असते. बियाणं आणि ताजी फळं ऑस्ट्रेलियात फार बारकाईने तपासतात. वरचा सहा-बारा महिन्यांचा नियमही एकाच भागाचा आहे, जिथे राहता तिथला नियम स्वतः वाचा.

कस्टमच्या सीएन २३ फॉर्मवर नुसतं 'खाऊ' किंवा 'गिफ्ट' लिहून भागत नाही. एकेक वस्तू, तिचं वजन आणि किंमत लिहा. कपड्यांच्या घडीत खाऊ लपवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, असं करू नका. जप्त झालं तर गेलं ते खोकंच, पण एखादी कीड नव्या मुलुखात शिरली तर नुकसान शेतकऱ्यांचं होतं.

अत्तर, नेलपॉलिश, स्प्रे आणि पॉवर बँकही खोक्यात घालू नका. पहिल्या तिन्ही वस्तू ज्वालाग्राही, आणि सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात माल म्हणून चालत नाही. पॉवर बँक प्रवाशाने हातातल्या बॅगेतूनच न्यायची.

लांबपल्ला :
पेटारा, फुगीर खाऊचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून कोणता खाऊ हे ठरवायला हवं. घट्ट, कोरडा, कारखान्यात बंद केलेला, घटकांची यादी छापलेला खाऊ मागवावा. चॉकलेट उन्हाळ्यात अजिबात नको. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि उन्हात उभा कंटेनर त्याहून खूप तापतो.

पण जहाजाबद्दल एक आठवण करून देते. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनरवाहू जहाज सुएझ कालव्यात अडकलं. सुटल्यावरही ते जुलैपर्यंत इजिप्तमध्ये अडकवून ठेवलं होतं. जहाजमालकाने 'जनरल अ‍ॅव्हरेज' जाहीर केलं, म्हणजे ज्यांचा माल सुखरूप होता त्यांच्यावरही जहाज वाचवण्याच्या खर्चाचा वाटा आला. मुलांचं टेबल इतक्या जोखमीचं आहे का?

पेटारा :
त्यासाठीच सागरी विमा असतो आणि चांगल्या पॉलिसीत हा वाटा धरलेला असतो. एक मात्र नीट वाचा : स्वतः बांधलेल्या खोक्यातली तुटफूट बऱ्याच पॉलिसी भरून देत नाहीत. फोटो, पत्रं, दाखले मीही जहाजाने पाठवणार नाही. ते हातातूनच. खोक्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका, कंटेनरच्या छताला पाणी सुटतं. नुसती पुस्तकंच असतील तर टपाल खात्याकडे एम बॅगची चौकशी करा. एका पत्त्यावर जाणाऱ्या छापील साहित्याची ती थैली असते, ३० किलोपर्यंतची. सगळे देश ती घेत नाहीत.

मागचं घर :
मी पाठवणाऱ्या बाजूचा आहे. इथे सगळे घेणाऱ्यांच्या सोयीने बोलताय, म्हणून लिहितो.

लांबपल्ला, वाटून टाका म्हणणं सोपं आहे. प्रत्यक्षात मुलं 'सध्या राहू द्या' म्हणून जातात आणि एक अख्खी खोली त्यांच्या खोक्यांनी भरते. आम्ही पडदे धुतो, वाळवी बघतो, पाहुणे आले की खोकी सरकवतो. ते आम्ही आनंदाने करतो, पण ती खोली आमचीही आहे. कोणती वस्तू कुणाला द्यायची हे ठरवायला आम्हाला धीर होत नाही, कारण ती तुमची असते. तेव्हा निर्णय तुम्ही घ्या, आणि बोलून दाखवा.

खाऊचंही तसंच. खोकं भरताना घरातले दोन दिवस फार चांगले जातात. ते थांबवू नका. पण मुलाला आता अमुक आवडत नाही, तमुक तिथेही मिळतं, हे आम्हाला कुणी सांगत नाही. वाईट वाटेल म्हणून गप्प राहता आणि आम्ही तेच पाठवत राहतो. यादी पाठवली तर ऑर्डर दिल्यासारखं वाटेल ही भीती सोडा. स्पष्ट सांगितलेलं आम्हाला चालतं.

टाकाटीप :
हे वाचून आज घरी फोन करणार आहे. माझ्या दोन पेट्या तिकडे आहेत आणि त्यांचं काय करायचं हे मी कधी सांगितलेलंच नाही.

लांबपल्ला :
मागचं घर, तुमचं म्हणणं माझ्या बाजूचं आहे असं मी समजते. सामान मागे ठेवणं म्हणजे ते दुसऱ्याच्या घरात ठेवणं. टाकाटीप, मशीनसाठी मी अपवाद करते, रोज हाताशी लागणारं अवजार न्यावं. टेबलाबाबत मात्र पेटारांशी माझं जमणार नाही.

पेटारा :
टेबल मुलाला विचारून ठरवा. न्यायचं की नाही हे तो सांगेल.

कागदपत्र :
आणि नेलंत तर लाकडी पेटीवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का बघून घ्या. पेटीच्या लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. शिक्का नसेल तर टेबल बंदरातच अडकेल.