‘ग्रान्मा’ म्हणजे आजी का?

प्रश्न : क्युबाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकाचं नाव ‘ग्रान्मा’. स्पॅनिश कोशात शब्द मिळाला नाही. स्पॅनिशमध्ये आजीला तर ‘आबुएला’ म्हणतात. मग हे नाव आलं कुठून? शिवाय नावासोबत ‘ओर्गानो ओफिसियाल’ असं छापतात, ते मराठीत कसं लिहावं?

प्रतिसाद : कोशात मिळणार नाही, कारण शब्द मुळात स्पॅनिश नाहीच. इंग्रजीत आजीला लाडाने म्हणतात तोच हा शब्द. फिदेल कास्त्रोच्या गटाने मेक्सिकोत एका अमेरिकन माणसाची जुनी बोट विकत घेतली, तिचं हे नाव. आधीच्या मालकाने आजीवरून ठेवलं होतं असं सांगतात. डझनभर माणसांच्या त्या बोटीत ८२ जण दाटीवाटीने बसून २५ नोव्हेंबर १९५६ला तुक्स्पानहून निघाले आणि २ डिसेंबरला क्युबाच्या किनाऱ्यावर, खारफुटीच्या चिखलात उतरले. तेव्हा नाव आजीचं खरं, पण मान बोटीला. अमेरिकेशी उभं वैर असलेल्या पक्षाच्या मुखपत्राला इंग्रजी नाव! पण कुणी ते बदललं नाही. भाषांतर करून ‘आजी’ लिहू नये. विशेषनाम आहे, तसंच ठेवावं.

दुसरा प्रतिसाद : भाषांतराचा मोह मात्र आवरत नाही! १९६५च्या ऑक्टोबरमध्ये पक्षाने ‘क्युबाचा कम्युनिस्ट पक्ष’ हे नाव घेतलं, तेव्हाच दोन दैनिकं एकत्र करून ‘ग्रान्मा’ निघालं. एक ‘रेव्होलुसिओन’, म्हणजे क्रांती. ते फिदेलच्या २६ जुलै चळवळीचं, हुकूमशहा बातिस्ताच्या राजवटीत चोरून छापलं जाणारं. दुसरं जुन्या कम्युनिस्टांचं, १९३८पासूनचं ‘ओय’. ओय म्हणजे आज. थोडक्यात, ‘आज’ बंद पडून ‘आजी’ आली.

प्रश्नकर्ता : हा हा! पण मी एका लेखात ‘होय’ वाचलंय.

दुसरा प्रतिसाद : लिहिताना सुरुवातीला एच आहे, पण स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार होत नाही. ‘होय’ लिहिलं की मराठी वाचकाला वाटेल, पेपर प्रत्येक गोष्टीला मान डोलावतोय. तसं म्हणणारे टीकाकारही होते म्हणा, पण तो अर्थ स्पॅनिशचा नव्हे.

तिसरा प्रतिसाद : ‘ओर्गानो’ला ‘मुखपत्र’ अगदी चपखल. स्पॅनिश शब्दाचा नेहमीचा अर्थ शरीराचा अवयव. मराठीने त्यातला नेमका तोंड हा अवयव उचलला. वृत्तपत्र म्हटलं की आत काय आहे ते कळतं, मुखपत्र म्हटलं की कुणाचं आहे ते. काहींना ‘मुखपत्र’ शब्दात टोमणा ऐकू येतो, पण ‘सामना’ला आपण ठाकरेंच्या शिवसेनेचं मुखपत्र म्हणतो ते सरळ अर्थानेच. इथे तर पेपर स्वतःच तसं छापतो. म्हणून ‘केंद्रीय समितीचं अधिकृत मुखपत्र’ असं बिनधास्त लिहा.

पहिला प्रतिसाद : एक राहिलं. ती बोट जिथे लागली त्या भागाच्या प्रांतालाही १९७६मध्ये ‘ग्रान्मा’ नाव दिलं. तिथल्या माणसाला स्पॅनिशमध्ये ‘ग्रान्मेन्से’ म्हणतात. आपल्या सातारकर, नगरकरच्या चालीवर ग्रान्माकर.

प्रश्नकर्ता : आणि तुमच्या नियमाला न जुमानता भाषांतर केलं, तर आजीकर!