मदत हवी आहे: एक प्रश्न अडला की पुढचा सगळा पेपर बिघडतो

नमस्कार. मी लातूरला नीटची तयारी करायलोय, रिपीटर आहे. गाव अहमदपूर तालुक्यात, इथं ट्यूशन एरियात खोली करून राहतो. अभ्यास होतो, पण अडचण वेगळीच आहे.

टेस्टमध्ये फिजिक्सचा एखादा प्रश्न अडला की तो सोडून पुढं जायला माझ्याकडून होतच नाही. 180 प्रश्न, 180 मिनिटं. एकाच गणितात सात-आठ मिनिटं गेली की बायोचे येणारे प्रश्नसुद्धा घाईत वाचतो आणि 'अयोग्य विधान ओळखा' मधलं 'अयोग्य' नजरेतून निसटतं. बरोबरला चार गुण, चुकलं तर उणे एक; दोन पर्यायांत अडकलो तर त्या उणे एकच्या भीतीनं कोरं सोडतो. खोलीवरही तेच: खाडाखोड झाली की पान फाडायचं, धडा पक्का झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. सेंद्रिय रसायन अजून तसंच पडलंय. चुकांची वहीसुद्धा केली, पण ती उघडली की पोटात गोळा येतो. बाबांनी सोयाबीन विकून मेसचे पैसे भरलेत, त्यांना हे काय सांगू?

'टेन्शन घेऊ नको' सोडून काहीही सांगा.

मांजराकाठ: भावा, आधी कोऱ्या प्रश्नांचा हिशेब कर. दोन पर्याय खात्रीनं बाद झालेले असे दहा प्रश्न सोडवलेस आणि निम्मेच बरोबर आले, तरी 20 वजा 5, म्हणजे 15 गुण. कोरे ठेवलेस तर शून्य. चारही पर्याय अनोळखी असतील तर खुशाल सोड.

बायोपासून सुरू कर. 90 प्रश्न तिथंच आहेत. अडलेल्याला खूण कर, दुसऱ्या फेरीत बघ. वहीत पूर्ण उत्तर उतरवू नको, फक्त कारण लिही: सूत्र आठवलं नाही, एकक चुकलं, वाचायला चुकलं. सूत्रासाठी अभ्यास लागतो. 'अयोग्य'साठी त्या शब्दाखाली पेनानं एक रेघ पुरते. आणि पानं फाडणं बंद कर, कागद काय फुकट मिळतो का!

औशाची ताई: झोप-जेवण बिघडलं असेल तर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन कर. फुकट आहे, चोवीस तास. बाबांना 'पेपरात वेळ पुरत नाही' एवढं तरी सांग. निकालाच्या दिवशी एकदम कळण्यापेक्षा बरं.

धागाकर्ता: दादा, ताई, आभारी आहे. रविवारच्या टेस्टला बायोपासून सुरू करतो. पण ओएमआरवर (उत्तरपत्रिकेवर) गोळे लगेच भरायचे की शेवटी एकदम?

मांजराकाठ: पान संपलं की त्या पानाचे. शेवटावर ठेवू नको, वेळ संपतो.